न मावणारा फोटो

बोडोच्या धक्क्याला लागून आमचं दुकान.
दोन हजार तीनचा डिसेंबर, दुपारी दीडलाच दिवे लावलेले.
ओद्ब्यर्गबाईंनी काउंटरवर ठेवला
तळहाताएवढा संगणक, कुणाचा तरी वापरलेला,
कोपऱ्यावर दातांचे व्रण.
कुत्र्याचे असावेत. मी विचारलं नाही.
'ह्यात फोटो बघता येतो म्हणतात.'
एकच फोटो. पुतणीनं कार्डात भरून दिलेला.

असलं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.
महिनाभर रात्री जागून मी दुसरं काय केलं होतं?
फोटो दाखवणारे अकरा प्रोग्रॅम,
एकेक लावायचा, काढायचा, सेकंद मोजून वहीत मांडायचा.
कोण किती जागा खातो, कोण मध्येच मान टाकतो,
कोण पंधरा दिवस गोड बोलतो आणि सोळाव्या दिवशी
दार अडवून पैसे मागतो.

सगळ्यात चपळ होता तो आधी दाखवला.
टिचकी, आणि फोटो हजर:
होडीची शेड, शिडी, शिडीवर माणूस
तांदळाच्या कणीएवढा.
'अर्धा सेकंद!' जणू मीच धावलो होतो.
त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.
'हा काय, कुणीही असेल.'

दुसऱ्याकडे रंग सोळाच.
लाल शेडची त्यानं गोधडी करून टाकली.
मोठं करणाऱ्यानं मोठं केलं खरं,
पण चेहऱ्याच्या जागी न्हाणीघराची फरशी.
आणि एकानं, न विचारता, सगळं आडवं पाडलं,
माणूस शिडीसकट निजला.
बाई हसल्या. 'एल्लिंग असाच पडला होता एकदा.
काही झालं नाही, तेव्हा.'

ते 'तेव्हा' मी ऐकलं.
वहीत त्याला रकाना नव्हता.

घाईत बोट चुकलं आणि उघडला नववा,
ज्याच्यापुढे मी लाल फुली मारून लिहिलं होतं:
फोटो स्क्रीनमध्ये बसवत नाही. निरुपयोगी.
नुसतं आभाळ. डावीकडचा वरचा कोपरा, मूळ मापात.
मी बंद करणार, तर त्यांनी काडी घेतली माझ्या हातून,
क्रोशाची सुई धरतात तशी,
आणि आभाळ ढकललं.

अर्धा सीगल. छपराची धार. फळीतली गाठ.
मग बराच वेळ फळ्याच.
मग एक बूट.
'ही नाडी नव्हे, जाळ्याचा दोरा आहे. मीच ओवला होता.'
तिथून शिडीच्या एकेका पायरीनं वर,
पोटरी, गुडघ्यावरचा रंगाचा ओघळ,
एक खिसा, खिशात काहीतरी चौकोनी.
मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली,
हॉल्वर दोनदा खाकरला.
त्या अजून पट्ट्यापाशीच.

'सगळा बघायला वेळ किती लागतो?'
'फार,' मी म्हणालो, माफी मागितल्यासारखा.
'वॅरॉयची फेरी चार तासांची आहे.'
मी तरी शेवटचं घोडं दामटलं,
नवीन एक आलाय, चपळही आहे, नीट बसवतोही,
पण त्यांनी तो कोटाच्या आत ठेवून बटण लावलं होतं.
नववा फुकट होता. तसं सांगितलं.
त्यांनी काउंटरवर सुक्या कॉडचं पुडकं ठेवलं,
वही दोन दिवस त्याच वासात होती.

मार्चमध्ये परत आल्या. सेल मेले होते,
आणि सेल मेले की ह्या यंत्राची आठवणच पुसली जाते.
प्रोग्रॅम गेलेला, फोटो कार्डात शाबूत.
'तोच घाला,' म्हणाल्या, 'तो बसवत नाही तो.'
घालता घालता विचारलं,
'पोचलात का चेहऱ्यापर्यंत?'
'कोपरापर्यंत जाते,' त्या म्हणाल्या.
'तिथून खाली उतरते परत.'

सेलचे पैसे मात्र घेतले.