दोन भिंतींमधली जागा

नीगाताच्या डोंगरात बर्फ उशिरा वितळतं.
मे संपता संपता तोकुजी माकिनो आले,
ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत
सात वर्षांची कोहाकू मादी, पांढऱ्यावर लाल.
डोळे खोल गेलेले. कल्ले भिजून फाटलेल्या कागदासारखे.
मी फॉर्मवर नाव विचारलं.
"माझं लिहा. माशाचं नाव गिऱ्हाईक ठेवतं."

चार दिवसांनी तिचा कल्ला माझ्यापुढे,
राळेत थिजवलेला, हिऱ्याच्या सुरीने कापलेला,
इतका पातळ की श्वास सोडताना मान वळवावी.
पडदा ओढला.
हिरवट उजेडात एक पेशी उघडली.

इथे काहीच हलत नाही. क्रम मी लावते,
एका गावातल्या निरनिराळ्या वयांच्या माणसांवरून
एकच आयुष्य जुळवावं, तसा.

आधी केंद्रकात परांची उभी राहते.
तिच्याभोवती वीस बाजूंचं कवच.
बारा कोपरे; अकरा सारखे,
बाराव्याला दार.
मग परांचीचेच तुकडे होऊन बाहेर पडतात
आणि त्या एका दारातून आत
कोंबला जातो धागा,
तीन लाखांना थोडी कमी अक्षरं,
वेढ्याला वेढा घासत, ठासून.
भरलं ते मधोमध काळं दिसतं.
पुष्कळशी रिकामीच राहतात.
त्यांना कोणी बोलावत नाही.

आणि सामान सगळं तिचंच.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात;
इथे वासेच आधी फिरले,
घराला अजून पत्ता नाही.

आता बाहेर पडायचं.
भिंतीला छिद्रं आहेत, पण हे त्यांत मावत नाही.
मग ते आतल्या भिंतीचाच सदरा करतं,
अंगाला लपेटून
दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या जागेत उतरतं,
बाहेरच्या भिंतीशी येतं,
सदरा तिच्यात विरघळवतं
आणि उघडंच पलीकडे पडतं.
आम्ही घरात शिरताना जोडे काढतो.
हे निघताना अंगावरचं काढतं.

शिकत होते तेव्हा हसले होते मी.
घालायचं, काढायचं, परत घालायचं?
कारण पुढे पुन्हा तेच:
प्रथिनांचा चिकट थर,
मग गॉल्जीच्या एका पिशवीत शिरून
दुसरा, खरा पोशाख, काट्यांसकट.
पिशवी पेशीच्या काठाशी जाते
आणि त्याला पाण्यात सोडते.

पिशवी.
माकिनोंची अजून सिंकजवळ होती, धुऊन, उलटी वाळत.

एकविसाव्या फोटोत एक सापडलं
नेमकं दोन भिंतींच्या मध्ये,
सदरा घातलेलं,
ना आतलं ना बाहेरचं.
तिथे ते फार टिकत नाही, म्हणून क्वचितच दिसतं.
देखणं होतं.
अहवालात असं लिहायला रकाना नाही.

संध्याकाळी फोन केला.
"पाणी तीस अंशांवर नेलं तर वाचतील ना?"
विचारण्याच्या सुरावरून कळत होतं, उत्तर त्यांना माहीत आहे.
वाचतील काही. पण ते त्यांच्यात झोपून राहील,
आणि एखाद्या वसंतात, पाणी अठराला पोचलं की
शेजारच्या तळ्यात जागं होईल.
तळं रिकामं करावं लागेल, मी म्हटलं. सगळं.

पलीकडे बराच वेळ पंपाचाच आवाज.

"तुम्ही किती मोजले?"
"भरलेले दोनशे चौदा. एका पेशीत."
"माझे एकशे नव्वद," ते म्हणाले,
"पिल्लं सोडून. पिल्लं कोण मोजतं."

मग म्हणाले, एखादा फोटो पाठवा.
मी एकविसावा पाठवला.
करडा सगळा; लाल कुठेच नाही.
पाकिटात टाकण्याआधी मागे पेन्सिलीने लिहिलं:
याला वरची बाजू नाही.
कसाही धरा.