खोका नंबर चौदा

बावीस वर्षं मी हाच खोका उघडते.
बेसाल्ट, कामठीचा वालुकाश्म, मनसरचं मँगनीज,
प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटचा आकडा.
खोका बाकांवरून फिरतो, परत येतो.
मी म्हणते, समजलं ना?
वर्ग म्हणतो, हो.
एवढ्यात आमचं भूशास्त्र आटोपतं.

मग विभागाने एम.एस्सी.चा ऑनलाइन वर्ग
माझ्या गळ्यात घातला.
प्रतापनगरचं घर, रात्रीचे साडेसात, एप्रिल.
कूलर बंद केला की घाम,
सुरू केला की लगेच
"मॅडम, आवाज येऊन नाही राहिला."

एकतीस काळे चौकोन.
दगड कॅमेऱ्यापुढे धरला, तर तो बटाटा दिसला.
कुणीतरी तसं लिहिलंही,
आणि घाईघाईने पुसलं.

त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकलं,
घरच्यांना कळू नये म्हणून इअरफोन लावून.
पन्नास मिनिटांत एक्केचाळीस वेळा 'समजलं ना'.
प्रश्न विचारून मी थांबले होते
दीड सेकंद. घड्याळ लावून मोजलं.
दीड सेकंदात लाव्हासुद्धा गोठत नाही.
आणि उत्तर मीच दिलं होतं,
वर स्वतःवर खूशही झाले होते.

पुढच्या वेळी सांगितलं:
आपापल्या दारातला एक दगड घेऊन बसा.
नाव नको. दिसतं तेवढं लिहा.
मी बोलणार नाही.

न बोलणं इतकं अवघड असतं?
कूलरचं पाणी बघितलं, नखं बघितली,
शेवटी स्वतःला म्यूट करून टाकलं.
मग हळूहळू अक्षरं उगवायला लागली.

वणीचा भास्कर उईके, खाणीतून पाळी संपवून आलेला:
"कोळशात पानाची शीर आहे मॅडम.
रोज हाच फोडतो.
पाहिला आज."

तृप्ती बोरकुटेने सासरच्या पाट्याचा फोटो टाकला.
मधोमध झिजलेला, बारीक छिद्रांत हळद.
"छिद्रं वायूची, हे वाचलं.
पण हळद निघत काहून नाही?"
बावीस वर्षांत मला हा प्रश्न
कोणी विचारला नव्हता.
मीही नाही.

तिघांनी कोर्स सोडला. काही चौकोन
शेवटपर्यंत काळेच राहिले.
सिरोंच्याचा एकजण सात आठवडे गप्प.
आठव्या आठवड्यात, रात्री दोनला,
नेटवर्क सापडलं तेव्हा, त्याने पानभर लिहिलं,
दगड झालेल्या लाकडाची वर्तुळं एकेक मोजून.

असा मुलगा माझ्या वर्गातही असणार,
दर वर्षी, शेवटच्या बाकावर.
मी त्याची हजेरी घेतली.
फक्त हजेरी.

सत्र उघडलं. खोली नंबर सहा,
तोच फळा, तोच खालच्या कोपऱ्यातला टवका.
खोका कपाटातच ठेवला.
"दहा मिनिटं बाहेर जा.
दगड घेऊन या."
पोरं हसली. एकाने पार्किंगमधली गिट्टी आणली,
मुद्दाम, मला चिडवायला.

"आधी वहीत लिहा. काय दिसतं?"

आणि मी थांबले.
एक. दोन.
पंख्याची कडकड इतकी मोठी आहे, हे आजच कळलं.
तीन.
दामोदर शिपाई दारातून डोकावला,
मॅडमला बरं नाही की काय.
चार. पाच.
'समजलं ना' घशापर्यंत आलं,
परत पाठवलं. सहा.

"मॅडम," गिट्टीवाला म्हणाला,
आवाजातली मस्करी कुठेतरी सांडली होती,
"याच्यात हिरवं काहीतरी आहे जी."

ते काय आहे मला ठाऊक होतं.
नाव ओठांवर होतं, स्पेलिंगसकट.

मी खिडकीचं दुसरं दार उघडलं.
म्हटलं, उजेडात धर.