गैरहजर

मंडळीच्या पंच कमिटीचा मी चिटणीस, सोळा वर्षं.
लाल कापडी पाठीचं प्रोसिडिंग बुक
माझ्याच कपाटात असतं,
आणि किल्ली माझ्याच करगोट्याला.

एप्रिलच्या सभेत विषय पाच होते:
वेदीमागच्या भिंतीची ओल, पत्र्याचा खर्च,
कापणीच्या सणाला आलेल्या ज्वारीचा लिलाव,
कबरस्तानाचं कुलूप,
आणि पाळकसाहेबांच्या स्कूटरला लागणारं पेट्रोल,
जे फार लागतं.

ज्वारीपाशी त्यांचा फोन वाजला.
रेव्हरंड हनोख उजागरे उठले,
डाव्या पायात उजवी चप्पल.
"विडी घरकुलात जाऊन येतो," एवढंच.
खजिनदार घाम पुसत म्हणाले, "आता काय की बे हे!"
मी निळ्या शाईनं लिहिलं:
विषय चार व पाच. पाळक गैरहजर.
उरलेल्या ज्वारीची बोली मात्र चांगली चढली.

घरकुलातलं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं.
दीनाबाई म्हेत्रे. हजार विड्यांचं सूप मांडीवर,
आणि डोळा असा सुजलेला
की पानावर कात्री कुठं लावायची ते दिसेना.
नवरा आमच्याच गायनमंडळात तबला वाजवतो,
ठेक्याला पक्का.
पाळकांनी तिला सिव्हिलला नेलं,
तिथून चौकीवर,
आणि चौकीच्या बाकावर पहाटेपर्यंत तिच्या शेजारी.

मेच्या सभेत ठराव आला.
'पाळकांनी सभासदांच्या घरगुती बाबीत पडू नये.'
सूचक खजिनदार. अनुमोदक एकाला दोन.
ते खुर्चीत बसून ऐकत होते,
हातातल्या रुमालाची घडी मोडत, घालत.
एकदाच म्हणाले, "घरगुती म्हणजे किती दाराच्या आतलं?"
हा प्रश्न मी नोंदवला नाही.
प्रश्नांना रकाना नसतो.
ठराव मात्र वळणदार लिहिला,
'घरगुती'चा पहिला उकार लफ्फेदार.

जूनच्या एका रात्री बार्शीहून शेवटच्या एसटीनं
माझी अबीगईल आली.
पदराखाली मनगट धरलेलं.
तिच्या आईनं भाकरी वाढली, ती कडक होत पडून राहिली.
मी कुणाला फोन केला नाही.
कसा करणार? अक्षर माझंच होतं.

केला असेल शेजारच्या शांताक्कानं.
पाचव्या दिवसाचं पाणी पहाटे तीनला आलं
आणि आमच्यातलं कुणी उठलं नाही.
नळाखाली हंडा सरकल्याचा आवाज झाला,
मग बादली, मग पिंप.
बाहेर पाहिलं तर उजागरे,
बाह्या दुमडलेल्या, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली,
कुठला हंडा पिण्याचा ते न कळून
सगळेच काठोकाठ भरत होते.

मग उंबऱ्याशी टेकले.
मी म्हणालो, "प्रार्थना करता?"
ते म्हणाले, "तिला विचारू आधी."
अबीगईलनं मान हलवली. नको.
"बरं," म्हणाले,
आणि उठून जातील असं वाटलं, तर तसेच बसून राहिले.
पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग सुरू झाले,
टॉवेलाचं पहिलं काम.
उजाडता उजाडता ती स्वतःच बोलायला लागली.
आधी बारीक आवाजात, मग तेवढीही नाही.
त्यांनी एकदाही 'मुली, क्षमा कर' म्हटलं नाही.
मनगटाला टॉवेल ओला करून बांधला,
आणि घड्याळ पाहिलं, ओपीडी किती वाजता उघडते म्हणून.
ठरावाचा विषय निघाला नाही.
मीच वाट पाहत होतो, तो निघेल म्हणून.

सिव्हिलला एक्स-रेच्या रांगेत आमचा नंबर चौऱ्याऐंशीवा.
उजागरे फॉर्म भरत होते, त्यांचं अक्षर वाईट आहे.
बाराला खजिनदारांचा फोन आला.
"सभा खोळंबलीय. कुठं आहात?"
मी म्हणालो, "गैरहजर लिहा."
"अहो, लिहू कशात?
किल्ली तुमच्याकडं!"

करगोट्याला हात लावला. होती.
अबीगईलनं तेवढ्यात विचारलं,
"आप्पा, पाणी आहे का?"