डोक्यावरचा चेंडू

झादारच्या लाल मातीच्या कोर्टवर
झ्वोन्का बादलीतून एकेक चेंडू उचलते
आणि आभाळात सोडून देते,
जणू पुढचं तिच्याकडे नाही.

"आधी कूस बदल, त्वर्त्को.
छाती जाळीकडे ठेवून मागे पळशील
तर उताणा पडशील."

तो एक्कावन्नचा. गोदीत वेल्डर.
तीस वर्षं मान खाली घालून ठिणग्या पाहिलेल्या.
वर बघायचं म्हटलं की मणके कुरकुरतात.

"डावा हात वर. चेंडूला बोट दाखव."
दाखवायचं ते बोट
कधीच एका झडपेत राहिलंय.
ती विसरली नव्हती,
तिने शब्द बदलला नाही, इतकंच.
त्याने उरलेला पंजा वर धरला
आणि चेंडू त्या फटीत येऊन बसला,
बंदुकीच्या खाचेत नेम बसावा तसा.

"रॅकेट कानामागे. कंगवा नेतोस ना, तेवढीच.
पावलं छोटी, तापल्या फरशीवरची.
आणि आवाज येईपर्यंत हनुवटी पाडू नकोस."

पहिला फ्रेमला लागून
शेजारच्या ल्युबाच्या अंजिरात अडकला.
दुसरा जाळीत. तिसराही.
मग बुरा सुटला, डोंगरावरचा कोरडा वारा,
चेंडू हवेतच बेत बदलू लागले.
"आता टप्पा पडू दे," झ्वोन्का ओरडली.

त्याने पडू दिला. थांबला.
ती फट, फटीत पिवळा ठिपका,
आणि आवाज:
नव्या पत्र्यावर हातोडा बसतो तसा, भरीव.

चेंडू कुठे पडला, त्याने पाहिलं नाही.
हनुवटी अजून वरच होती.