बिब्बा

फर्दापूरच्या आमच्या विहारात पत्र्याखाली
एक काळी पेटी आहे, इतकी काळी
की झाडताना सोजरआत्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसतं
आणि ती पदर नीट करते.

झाकणावर सोन्याची कमळं.
चिकटवलेली नव्हेत, भुरभुरलेली,
ओल्या चिकावर, बांबूच्या नळीतून.
ओकुदासानने हे माझ्या बापाला हातवारे करून सांगितलं.
बाप लेणीत आरसा धरायचा,
दारातलं ऊन आत नेऊन
भिंतीवरच्या एखाद्या गालावर ठेवायचा.
ओकुदासान चार दिवस त्या एका गालापुढे बसला.
पाचव्या दिवशी पेटी पुढे सरकवली:
पोथीची आहे. पोथी तिकडेच राहिली.
तुमच्याकडे ठेवण्यासारखं काही असेलच.

होतं.
छप्पन सालचा कागद, घडीवर फाटलेला.
धम्म घेतलेल्या एकेचाळीस जणांचे अंगठे.
त्या दिवशी शाई संपली होती, की कुणी दिली नाही,
सांगणारे दोन्ही सांगतात.
आज्ज्याने मग सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरला.
पंधरा दिवस अंगठे उतले, फुटले,
साल जाऊन पुन्हा कोरे झाले.
कागदावरचे झाले नाहीत.

आत्याने पेटी हुंगली.
"ह्यो तर आपल्या बिब्ब्याचा भाऊ."
ओकुदासानला काय कळलं कोण जाणे,
त्याने बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत चिकाचे जुने डाग.

जाताना एकच बजावलं:
हिला कोरडी हवा सोसत नाही,
जवळ वाटीभर पाणी असू द्या.
मराठवाड्यात!

तरी आत्या ठेवत गेली.
टँकर अकराव्या दिवशी आला त्या साली
वाटीची अर्धी वाटी झाली, मग बुडाला ओल.
लोक बोलले. ती हंडा उचलून चालती झाली.
वैशाखात कमळाच्या देठाशी भेग पडलीच.

तिने कुणाला विचारलं नाही.
बिब्बा तापवला, काडीने भेग भरली,
वरून घासून घासून गुळगुळीत केलं.
मी फोटो पाठवला. ओकुदासान आता नाही,
त्याच्या मुलीचं उत्तर आलं:
भेग सापडत नाही, कुठे आहे?

मी वाचून दाखवलं.
आत्या उंबऱ्यावर बसली होती, बोट टम्म फुगलेलं,
खोबरं चावून त्याच्यावर लावत.
अर्धं लावत होती,
अर्धं खात होती.