मुदतवाढ

विषय क्रमांक सात. बटाटा कारखान्यांचं सांडपाणी,
ठेकेदाराला आणखी एकशे ऐंशी दिवस.
हरकत?
कुणीतरी खोकतं. मंजूर.
पुढचा विषय कुत्र्यांचे परवाने.

मागच्या रांगेत ऑर्विल टेगटमायर,
एकतीस वर्षं त्याच टाक्यांवर,
कोटाला स्टार्चचा आंबूस वास, बायकोनेही आता नाद सोडलेला.
या महिनाअखेर निवृत्त. नवा पंप येणार जुलैत.
त्याला कळ तेवढी दाबायची होती,
एकदा.

बाहेर उणे अकरा. कोलंबिया नदीचे काठ गोठलेले,
जुनं तळं मात्र कोमट, फेसाळ,
आणि त्यावर रानबदकं दाटीवाटीने, माना पंखांत.
तो गाडी थांबवून मोजतो. दोनशे चौदा.
नोंदवहीत यांचा रकाना नाही.

बसा, म्हणतो,
जुलैपर्यंत आहे.