जिवंतपणीचा रंग

ट्रॉम्सोत जानेवारीत दुपारीही दिवा लागतो.
तळघरात तर ऋतूच नाही:
तेरा अंश, लोखंडी मांडण्या, आणि स्पिरिटचा वास
जो स्वेटरमधून मे उजाडला तरी जात नाही.
बरण्यांत पाठीला कणा नसलेली सगळी बिरादरी.
वर रस्त्यावर 'बिनकण्याचा' ही शिवी,
खाली तो नुसता पत्ता आहे,
कपाट सहा ते एकतीस.

मागच्यांनी लिहून ठेवलेलं मी संगणकात भरते.
१९२८ साली कुणी लिहिलंय: "किडा? बहुधा."
त्या 'बहुधा'ला मला रकाना सापडत नाही.
परवा एका जातीच्या तीन झाल्या,
म्हणजे एकशे चाळीस बरण्या पुन्हा उतरवा, पुन्हा बघा.
जुनं लेबल मात्र काढायचं नाही, हा पहिला नियम.
चुकलेलं नाव आतच राहतं, नव्याच्या पाठीमागे भिजत,
सासरच्या नावामागे माहेरचं राहतं तसं.

गुडलाउग आली ती सेन्या बेटावरून, दोन बस बदलून.
पिशवीत क्लाउडबेरीच्या जॅमची बरणी,
आत बोटभर काहीतरी, धुतल्या चिंधीसारखं.
"आस्लाकने ठेवलेलं. नांगर वर घेतला, त्याच्या चिखलात हे.
वर घरची दारू ओतली. मी म्हटलं, नासाडी.
छत्तीस वर्षं फडताळात होतं.
नोव्हेंबरात तो गेला.
याचं नाव काय?"
ठेवून जा, म्हटलं. कळवते.
"बसते," म्हणाली.

बसली. कोट न काढता.
मी कातडीचा तीळभर तुकडा काचेवर घेतला,
वर ब्लीचचा थेंब. मांस विरघळतं,
मागे राहतात चुन्याचे कण,
समुद्रकाकडीची ओळख पटते ती त्यांवरूनच.
भिंगाखाली धुकं निवळत गेलं
आणि दिसले
नांगर.
दांडा, दोन वाकडे फाळ, कातीव,
शेकड्यांनी, केसाच्या जाडीत मावतील असे.
खुर्ची तिला दिली.
बराच वेळ डोळा लावून होती.
"म्हणजे तो नांगर ओढत होता," ती म्हणाली,
"आणि हे टाकून बसलं होतं."

पुस्तकात नांगरवाल्या जाती मोजक्या. हे कशातच बसेना.
मी प्रजाती लिहिली, पुढे एक टिंब.
टिंब म्हणजे, अजून माहीत नाही.
"नावच नाही?"
"कुणी ठेवलेलं नाही. वर्षं लागतील कदाचित."
"बरंय की. आस्लाकला गावाने जन्मभर नावं ठेवली."
हसली का, ते मला कळलं नाही.

मग रकाने.
ठिकाण: तिने टेबलावर बोटाने किनारा काढला,
कपाची कड म्हणजे दीपगृह.
खोली: बावीस वाव, दोर तिनेच मोजून वेटोळला होता.
कशात जतन: घरची दारू (हे मी लिहिलं, तिने तपासलं).
तारीख: धाकटीला पहिला दात आला त्याच्या आदल्या दिवशी.
कुणी गोळा केलं: आस्लाक. आडनावाचं एकेक अक्षर सांगितलं.

शेवटचा रकाना, जिवंतपणीचा रंग.
तो आम्ही सोडूनच देतो.
स्पिरिट आधी रंग पितं;
एकतिसाव्या कपाटापर्यंत सगळे एकाच फिक्या कुळातले,
आणि पाहणारे बहुतेक गेलेले.
"थांबा," ती म्हणाली.
"धाकटी जांभई द्यायची ना, दात यायच्या आधी.
त्या हिरड्यांचा."
मी टाइप केलं.
संगणक म्हणाला, यादीतून रंग निवडा.
मी यादी बंद केली आणि शेऱ्यात लिहिलं, जसंच्या तसं.

नवी बरणी, नवं स्पिरिट, नवा क्रमांक.
ती उठली, हात पुढे केला:
"माझी बरणी द्या. ऑगस्टात बेरी येतील."
घासून, पुसून दिली.
त्याआधी तिच्यावरचा कागद मात्र भिजवून सोडवला,
'क्लाउडबेरी, साखर कमी',
आणि नियमाप्रमाणे
आत सोडला, नव्या लेबलामागे.